अख्खा दिवस नुसतं पाणी, ते कशासाठी?

क्रूझची जाहिरात कधी नीट वाचली आहे का? पहिला दिवस मुंबई, तिसरा दिवस लक्षद्वीप, पाचव्या दिवशी परत मुंबई. मधल्या दुसऱ्या आणि चौथ्या दिवसासमोर मात्र गावाचं नाव नसतं. तिथे लिहिलेलं असतं ‘ॲट सी’, म्हणजे दिवसभर समुद्रातच. एवढे पैसे भरून दोन दिवस नुसतं पाणी बघायचं? वाशिमच्या मुलाला समुद्रच नवा, त्यामुळे हा प्रश्न पडणारच. उत्तर आहे गणितात आणि थोडं धंद्यात.

आधी गणित. आपल्या कारंजा-शेलूबाजारकडून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा. जहाजाचा वेग मोजतात नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मोठं क्रूझ जहाज १८ नॉटने निघालं, तरी ते होतात ताशी ३३ किलोमीटर. म्हणजे गावातल्या स्कूटीएवढा वेग! मुंबईहून लक्षद्वीप जवळपास ९०० किलोमीटर. भागाकार करा: २७ तास. संध्याकाळी सहाला निघालेलं जहाज दुसऱ्या दिवशी रात्री नऊला पोहोचेल.

पण रात्री नऊला पोहोचून करणार काय? लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाच्या रांगा आहेत. मोठं जहाज बाहेरच नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हे काम उजेडातलं. म्हणून जहाज मुद्दाम हळू चालवतात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवतात.

हळू जाण्यात फायदाही आहे. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. जहाजाचा वेग दुप्पट करायचा, तर ढोबळमानाने आठपट ताकद लागते. वेळ निम्मा लागला, तरी तेवढ्याच अंतराला इंधन चौपट जळतं. घाई किती महाग पडते बघा!

आता धंदा. जहाज बंदराला लागलं की आकारमानानुसार आणि प्रवाशांच्या संख्येनुसार शुल्क भरावं लागतं. शिवाय प्रवासी उतरून शहरात जातात आणि पैसे तिथेच खर्च करतात. समुद्रात मात्र जाणार कुठे? रेस्टॉरंट, स्पा, शो, दुकानं, सगळा खर्च जहाजावरच. बहुतेक देशांत करमुक्त दुकानं आणि कॅसिनो जहाज बंदरात असेपर्यंत बंद ठेवावे लागतात. समुद्रात गेल्यावर ते उघडतात. म्हणजे रिकामा दिसणारा दिवस कंपनीच्या कमाईचा असतो. प्रवाशालाही निवांत लोळायला मिळतं, हेही खरं.

पण तुमच्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या अनेकांना क्रूझची नोकरी खुणावते. त्यांनी हाच दिवस दुसऱ्या बाजूने बघावा. बंदरात निम्मे प्रवासी बाहेर असतात, म्हणून वेटर, शेफ, हाउसकीपिंगवाल्यांना थोडी उसंत मिळते. समुद्रातल्या दिवशी सगळे जहाजावर, सगळ्यांना तिन्ही वेळचं जेवण, वर चहा-कॉफी. सुट्टीचा दिवस त्यांचा, कामाचा दिवस तुमचा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार, ज्याला २००६ चा एमएलसी म्हणतात, २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी असा निकष आहे. देशांना कामाचे जास्तीत जास्त तास ठरवण्याचाही पर्याय आहे: दिवसाला १४, आठवड्याला ७२. भारताने हा करार स्वीकारलेला आहे. आकडा नीट वाचा: १४ तास हे कमाल असले, तरी ते थोडे नाहीत. आणि करार असतो सलग काही महिन्यांचा. दिवाळीला घरी येता येईलच असं नाही.

तरीही जायचंच आहे? मग जरूर जा, पण तपासून. जहाजावर जाण्याआधी एसटीसीडब्ल्यूचं मूलभूत प्रशिक्षण लागतं: आग विझवणं, समुद्रात जीव वाचवणं, प्रथमोपचार, सुरक्षा. सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडून मिळतं. भरती करणाऱ्या एजंटकडे याच कार्यालयाचा आरपीएसएल परवाना हवा. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घ्यायला त्याला मनाई आहे. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय तपासणीचा खर्च तुमचा असू शकतो. ‘सीट पक्की करायला’ मागितलेले लाख-दोन लाख मात्र नाहीत. अशी मागणी झाली, तर वडिलांना शेत गहाण टाकायला लावण्याआधी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर एजंटचा परवाना क्रमांक शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं नाही, तर तिथूनच मागे फिरा.