एपीआय गेटवेच्या नोंदी : प्रत दूर का ठेवावी?

शासकीय कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद आवक-जावक नोंदवहीत होते. अर्ज केव्हा आला व कोणाकडे गेला, हे पुढे केव्हाही विचारले तरी त्या वहीवरून सांगता येते. आता पुष्कळसे अर्ज व दाखले संगणकामार्फत जातात-येतात. तेव्हा या वहीची जागा कशाने घेतली आणि ती नवी वही सुरक्षित आहे काय, हे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

गेटवे म्हणजे काय?

एका संगणक-प्रणालीने दुसरीकडे माहिती कशी मागावी व दुसरीने ती कशी द्यावी, याची जी ठरलेली रीत असते तिला एपीआय म्हणतात. विद्यार्थ्याची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये दिसते, ती परीक्षा मंडळाच्या संग्रहातून अशाच रीतीने येते. भारत सरकारने खुल्या एपीआयविषयीचे धोरण २०१५ साली जाहीर केले. अशा असंख्य मागण्या मूळ संग्रहापर्यंत थेट जाऊ न देता ज्या एका दारातून नेल्या जातात, ते दार म्हणजे एपीआय गेटवे होय. तेथे मागणाऱ्याची ओळख पटविली जाते आणि प्रत्येक मागणीची एक ओळ लिहिली जाते. वेळ, मागणाऱ्या संगणकाचा पत्ता, मागितलेली सेवा व उत्तराचा सांकेतिक क्रमांक या गोष्टी तीत असतात. क्रमांक २०० असेल तर काम झाले. ४०१ असेल तर ओळख पटली नाही. ५०२ असेल तर आतील प्रणालीकडून योग्य उत्तर आले नाही. या ओळींनाच लॉग म्हणतात.

समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाठविल्याचे एक विद्यार्थी सांगतो, पण कचेरीत तो सापडत नाही. त्या वेळच्या ओळीत ५०२ हा क्रमांक आढळला, तर मागणी दारापर्यंत आली होती व खोळंबा आत झाला, हे सिद्ध होते. ती ओळच नसेल, तर विद्यार्थ्याच्या शब्दाला आधार उरत नाही.

धोका कोठे आहे?

ही वही गेटवेच्याच यंत्रात राहिली, तर तीन संकटे संभवतात. यंत्र नादुरुस्त झाले की वहीही जाते. जागा अपुरी पडू नये म्हणून जुन्या ओळी आपोआप पुसण्याची योजना असते, तीत हवी ती ओळ नष्ट होऊ शकते. तिसरे संकट सर्वांत गंभीर : यंत्रात शिरलेला घुसखोर आपल्या वाटेवरचे ठसे पुसून टाकू शकतो. म्हणून ओळ लिहिली जाताच तिची प्रत वेगळ्या ठिकाणच्या व वेगळ्या व्यक्तींच्या ताब्यातील लॉग-सर्व्हरवर पाठविणे श्रेयस्कर ठरते.

पाठविण्याच्या पद्धती

यासाठी सिसलॉग ही रीत फार प्रचलित आहे. अमेरिकेतील एरिक ऑलमन यांनी ती १९८० च्या दशकात तयार केली; तिचे सध्याचे प्रमाणित स्वरूप २००९ साली निश्चित झाले. काँगसारख्या गेटवेमध्ये सिसलॉगची, तसेच टीसीपी, यूडीपी किंवा एचटीटीपी मार्गाने लॉग पाठविण्याची सोय आहे. यूडीपी म्हणजे पेटीत टाकलेले साधे पत्र. ते त्वरित निघते, पण पोचले की नाही ते कळत नाही. टीसीपी मार्गात पोच मिळते व हरवलेला भाग पुन्हा पाठविला जातो. यांपैकी कोणत्याही मार्गाने साधा मजकूर पाठविल्यास तो वाटेत वाचता येतो. म्हणून टीएलएस या सांकेतिक आवरणातून तो पाठवावा. सिसलॉगचे यूडीपी द्वार ५१४ क्रमांकाचे, तर टीएलएस द्वार ६५१४ क्रमांकाचे असते. दूरचा सर्व्हर काही काळ बंद पडल्यास ओळी साठवून नंतर पाठविता येतील, अशी रांगेची तरतूद गेटवेच्या बाजूस ठेवावी.

घ्यावयाची दक्षता

केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवणे आवश्यक आहे. यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळविण्याचाही त्यांत आदेश आहे. एका यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर आधीची घटना नंतरची भासते व चौकशी भरकटते.

नोंद ठेवणे म्हणजे सर्व काही लिहून ठेवणे नव्हे. आधार क्रमांक, परवलीचा शब्द, ओटीपी व प्रवेशाचे टोकन लॉगमध्ये जाता कामा नयेत. गेटवेतून बाहेर पडण्यापूर्वीच ते गाळावेत. अन्यथा नागरिकाच्या रक्षणासाठी ठेवलेली वहीच त्याच्या गुपितांची चोरी सोपी करील. प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे नाव न लिहिताही तिचा माग काढता येतो.

सोय एकदा बसविली म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र मानू नये. गेटवेवर एक चाचणी-मागणी पाठवावी व तिची ओळ दूरच्या सर्व्हरवर उमटली की नाही, हे ठराविक दिवशी स्वतः पाहावे. ओळी येणे बंद झाल्यास तत्काळ सूचना मिळेल, अशीही व्यवस्था असावी. कारण प्रत येत नाही हे तक्रार आल्यावर कळले, तर त्या दिवसाचा पुरावा पुन्हा निर्माण करता येत नाही.