डॉक्टर आहे, पण पेशंट नाही

गेल्या पावसाळ्यात आम्ही औंढ्याला आपांच्या घरी दोन दिवस मुक्कामाला होतो. लोणावळ्याकडचा पाऊस म्हणजे घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. इशाची नमाज झाली, जेवणे उरकली आणि आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज आला. "ॲम्ब्युलन्स निघाली आहे, जखमीला कुणी हलवू नका," असे तो हिंदीत कुणाला तरी सांगत होता.

"गेले आमचे डॉक्टरसाहेब ड्युटीवर," आपा म्हणाल्या. "तू मास्तर आहेस ना? तूच समजाव त्याला."

भाचा एकोणीस वर्षांचा, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. समजवायला म्हणून आम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलो, आणि तासभर तोच आम्हाला समजावत राहिला.

'जीटीए फाइव्ह' हा २०१३ साली आलेला गेम. मूळ गेम चोरी, मारामारी आणि गोळीबाराचा आहे व तो अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र 'फाइव्हएम' नावाच्या सोयीमुळे हौशी लोक त्याच शहरात स्वतःचा सर्व्हर उभा करतात आणि स्वतःचे नियम लावतात. तिथे जिंकणे-हरणे नसते. कुणी पोलीस होतो, कुणी मेकॅनिक, कुणी वकील, कुणी टॅक्सीवाला, आणि सगळे माइकवर आपापल्या भूमिकेतूनच बोलतात. यालाच रोलप्ले म्हणतात. समोरच्याने बंदूक रोखली तर खऱ्या माणसासारखे घाबरायचे. बाहेरून कळलेली गोष्ट आपल्या पात्राला ठाऊक आहे असे दाखवायचे नाही. प्रवेशासाठी भाच्याने अर्ज भरला, आपल्या पात्राची हकीकत लिहून दिली. गावाकडून शहरात आलेला डॉक्टर! शाळेत निबंधाला एवढी मेहनत त्याने कधी घेतली नव्हती.

आपांना एक शंका होती. खोटे नाव घेऊन खोटे बोलणे हे बरे का? आम्हाला आमच्या लहानपणीचा बहुरूपी आठवला. पोलिसाच्या वेषात तो दारात येऊन दरडावायचा, "चला, वॉरंट आहे!" लहान मुले दडून बसायची आणि मोठी माणसे हसून त्याला पीठ-पैसे द्यायची. तो पोलीस नाही हे मोठ्यांना ठाऊक असायचे. फसवणूक तिथे नव्हती, इथेही नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. दोन वर्षांपूर्वी या सर्व्हरवर रात्री शंभराच्या वर माणसे असायची, आत शिरायला रांग लागायची. आता बारा-तेरा उरले होते. "मामू, डॉक्टर आहे, पण पेशंटच नाही," भाचा म्हणाला. लढाईच्या गेममध्ये माणसे कमी पडली तर कंप्युटरच शत्रू पुरवतो. रोलप्लेमध्ये समोरचा माणूस हाच खेळ. चोर नसेल तर पोलिसाने काय करायचे? गाडी कुणी ठोकलीच नाही तर मेकॅनिकने काय उघडायचे? कुणाला नोकरी लागली, कुणाची परीक्षा आली, कुणी मोठ्या सर्व्हरवर गेला. नवा मुलगा येतो, रिकामे रस्ते बघतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. सर्व्हरचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

हे ऐकताना आम्हाला आमच्या शाळेची पटसंख्या आठवली. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. शिक्षक गेला की पालक म्हणतात, इथे शिकवायलाच कोणी नाही, आणि ते आणखी चार मुले काढून नेतात. उरलेल्या मुलांचा यात काय दोष? वर्ग अर्धा रिकामा झाला की त्यांचाही आवाज बारीक होतो. भाचा तसाच बसला होता.

"बंद पडला तर बरेच होईल," आपा म्हणाल्या. आम्हीही घरातून निघताना याच मताचे होतो. पण आम्ही त्यांना नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची हकीकत सांगितली. स्नायू झिजवणाऱ्या आजारामुळे हा मुलगा व्हीलचेअरवर होता. २०१४ साली तो वारला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममध्ये 'इबेलिन' नावाच्या पात्राच्या रूपाने त्याने हजारो तास घालवले. आईवडिलांना वाटे, पोराला दोस्त नाहीत, एकटाच गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली, आणि देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. त्याच्यापाशी मन मोकळे करणारी, त्याच्या सल्ल्याने घरातले बिघडलेले संबंध सुधारलेली माणसे होती ती. काही जण अंत्यविधीलाही आले. २०२४ साली या जीवनावर माहितीपट निघाला.

आपा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी भाच्याला पहिल्यांदाच विचारले, "तुझ्याबरोबर असतात ती कोण माणसे?"

पोलीस झालेला कोल्हापूरचा, दिवसा मोबाइलच्या दुकानात काम करतो. मेकॅनिक नागपूरचा, इंजिनिअरिंगला. टॅक्सीवाला आखातात नोकरीला आहे, सुट्टी मिळाली की येतो. कित्येकांची खरी नावे भाच्यालाही ठाऊक नव्हती.

उरलेल्यांनी एक तोड काढली होती. रोज कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसायचे नाही. शुक्रवार आणि शनिवार, रात्री दहा ते बारा, सगळ्यांनी एकदम यायचे. असे प्रयत्न मोठ्या प्रमाणावरही झाले आहेत. 'सिटी ऑफ हीरोज' हा गेम कंपनीने २०१२ साली बंद केला, पण चाहत्यांनी तो स्वतःच्या बळावर पुन्हा उभा केला आणि २०२४ साली कंपनीनेच त्यांच्या एका गटाला रीतसर परवानगी दिली. भाच्याच्या सर्व्हरचे नशीब एवढे मोठे असेल असे आम्हाला वाटत नाही.

आम्ही काही या गेमचे वकील झालो नाही. रात्री बारानंतर माइक बंद आणि फजरला उठायचे, हे भाच्याकडून कबूल करून घेतले. पैसे देऊन रांगेत पुढचा नंबर घेण्याची सोय असते, तिला हात लावायचा नाही, हेही. शिवीगाळ होते का असे विचारले तर तो खाली बघून हसला. त्यावर आपा त्याला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आपांचा फोन आला. शुक्रवारी तिकडे मुसळधार पाऊस, वीज गेलेली, नेट बंद. भाचा वैतागून झोपून गेला. साडेदहाला त्याचा मोबाइल वाजला म्हणून आपांनी उचलला. पलीकडून कुणी अदबीने विचारले, "डॉक्टरसाहेब आहेत का?"

"राँग नंबर," असे सांगून आपांनी फोन ठेवला. मग त्यांच्या ध्यानात आले, आणि कोल्हापूरचा तो नंबर त्यांनी स्वतःच परत लावला.