अनुदानाचा पैसा शिवारापर्यंत कसा येतो

‘अमुक प्रकल्पाला इतक्या कोटींचे अनुदान मंजूर’ अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. मंजुरीनंतर पैसा कोणाच्या खात्यात जातो, काम कोण मोजतो, हप्ता कोण अडवतो आणि पैसा संपल्यावर कामाचे काय होते, हे बातमीत नसते. पर्यावरण, पाणी आणि शेती यांत टिकाऊ बदल घडवण्यासाठी आज सरकार, परदेशी संस्था आणि कंपन्या अनुदाने देतात. ती मागणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. पण अनुदानाची यंत्रणा आतून कशी चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ती समजून घ्यायला महाराष्ट्रातलेच एक उदाहरण उत्तम आहे: इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. 1992 साली तो महाराष्ट्रात सुरू झाला. त्यामागची कल्पना होती फादर हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंची. 1948 मध्ये ते भारतात आले आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी भागात काढला. गावकरी त्यांना ‘हरिभाऊ’ म्हणत. सरकारी योजनांतून बांध-बंधारे होतात आणि दोन पावसाळ्यांत वाहून जातात, कारण गावाला ते आपले वाटत नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून या कार्यक्रमाची आखणी करताना किती पैसा द्यायचा याच्या आधी, तो कोणत्या अटींवर द्यायचा याचा विचार झाला. हा सगळा लेख त्या अटींविषयीच आहे.

पैशाचा मार्ग

मूळ पैसा जर्मनीच्या आर्थिक सहकार्य मंत्रालयाचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा. तो दोन वाटांनी भारतात आला. प्रत्यक्ष कामासाठीचे अनुदान केएफडब्ल्यू या जर्मनीच्या सरकारी विकास बँकेमार्फत भारत सरकारकडे आणि तिथून नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेकडे आले. गावाची तयारी आणि प्रशिक्षण यांचा पैसा जीटीझेड या जर्मन संस्थेकडून आला. (2011 मध्ये ती जीआयझेड झाली.) हे दुसरे काम ‘वॉटर’ या संस्थेकडे होते. फादर बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 मध्ये ती उभी केली.

या दोन वाटा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. एकाच थैलीत पैसा असला की आधी बांध होतात आणि प्रशिक्षण उरते कागदावर. खड्डा खणलेला दिसतो, मोजता येतो. माणसे एकत्र बसून निर्णय घ्यायला शिकली, हे फोटोत येत नाही. म्हणून माणसांवरच्या खर्चाला स्वतंत्र पैसा आणि स्वतंत्र जबाबदार संस्था, अशी व्यवस्था केली गेली.

नाबार्डकडून पैसा गावात उतरायचा तो ग्राम पाणलोट विकास समिती आणि मदतनीस स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त बँक खात्यात. समितीची निवड ग्रामसभेने करायची आणि तीत वाड्या-वस्त्या, वेगवेगळे समाज आणि महिला यांचे प्रतिनिधी असायचे. सह्या दोघांच्या लागत असल्यामुळे संस्थेला गावाला वगळून खर्च करता येत नसे आणि समितीतल्या एखाद्या वजनदार माणसालाही परस्पर पैसे काढता येत नसत.

आधी परीक्षा, मग पैसा

अर्ज आला म्हणून गाव निवडले जात नसे. पाणलोट क्षेत्र, उतार, पाऊस असे तांत्रिक निकष होतेच. खरी कसोटी मात्र सामाजिक होती. माळरानावर मोकाट चराई बंद करायला गाव तयार आहे का? झाडतोड थांबवेल का? पाणी वाढले की ऊस-केळीसारखी तहानलेली पिके वाढवणार नाही, असे ठरवेल का? ही उत्तरे ग्रामसभेच्या ठरावात हवी असत.

ठरावापाठोपाठ श्रमदान. घरटी माणसे काही दिवस विनामोबदला कामावर यायची. या श्रमदानातून किती काम झाले याला फारसे महत्त्व नव्हते. कोण आले, कोण आले नाही आणि न येणाऱ्यांना समजावायला गावातले कोण पुढे झाले, हे त्यातून कळायचे. ज्या गावात दोन गट एका चरावर येऊन खणत नाहीत, तिथे पाच वर्षांचा प्रकल्प तडीला जात नाही.

यानंतरही सगळे अनुदान सुटत नसे. आधी साधारण शंभर हेक्टरांच्या छोट्या पाणलोटात क्षमता बांधणीचा टप्पा व्हायचा. त्याला वर्ष-दीड वर्ष लागे. या काळात समिती हिशेब ठेवायला, मजुरी वाटायला आणि भांडणे मिटवायला शिके. हा टप्पा नीट पार पडला, तरच नाबार्डच्या मंजुरी समितीपुढे पूर्ण प्रकल्पाचा प्रस्ताव जाई. तो पुढे चार-पाच वर्षे चाले. जिथे गाव तयार नाही, तिथे थोड्या पैशावर थांबता येत होते. बहुतेक अनुदान योजनांना नेमकी हीच सोय नसते. पूर्ण रक्कम मंजूर झाली की ती मार्चअखेर खर्च करण्याची घाई सुरू होते.

प्रस्ताव कागदावर कसा उतरतो

प्रस्ताव शहरातल्या कार्यालयात बसून लिहायचा नाही, असा या कार्यक्रमाचा आग्रह होता. त्यासाठी ‘नेट प्लॅनिंग’ नावाची पद्धत वापरली जाई.

एक गट नंबर घ्या. त्या शेताचा मालक आणि त्याची बायको, दोघेही बांधावर हजर हवेत. सोबत समितीचा एखादा सदस्य आणि तांत्रिक माणूस. चौघे शेतभर फिरतात. वरच्या अंगाला मुरमाड, मधे हलकी जमीन, खाली जरा काळी. उतार मोजतात. सध्या कोणते पीक आहे, पाणी कुठून घुसते, माती कुठे वाहून जाते, हे विचारतात. शेतकरी म्हणतो, बांध इथे नको, माझी बैलगाडीची वाट अडते. त्याची बायको म्हणते, बांधावर साग नको, चाऱ्याचे काहीतरी लावा. तांत्रिक माणूस उताराचे गणित मांडून बांध थोडा वर सरकवतो. ठरलेले काम, त्याचे मोजमाप आणि खर्च तिथल्या तिथे नोंदवला जातो आणि त्यावर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा होतो.

असे शेकडो गट जोडले की गावाचा आराखडा तयार होतो आणि त्यांच्या खर्चाची बेरीज म्हणजे अंदाजपत्रक. आकडा वरून ठरवून खाली वाटलेला नसतो. म्हणून पुढे तपासणीला कोणी आला आणि ‘हा बांध इथे का?’ असे विचारले, तर उत्तर शेतकऱ्याकडेच असते.

कामाचा क्रम ‘माथा ते पायथा’ असतो. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर आणि झाडे, मग उतारावर दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यात माती नाला बांध. वरचे पाणी न अडवता खाली बंधारा घातला, तर तो पहिल्या मोठ्या पावसात गाळाने भरतो. पुढाऱ्यांना बंधारा आधी हवा असतो, कारण उद्घाटन त्याचेच होते. हप्त्यांची रचना कामाच्या क्रमाला बांधलेली असली की ही ओढाताण आपोआप कमी होते.

एका चराचा हिशेब

हप्ता कसा सुटतो हे एका चरावरून पाहू. समतल रेषा आखायला ‘ए-फ्रेम’ पुरते. तीन काठ्यांची चौकट, मधे दोरीला टांगलेला दगड. दोन्ही पाय एका पातळीवर आले की दगडाची दोरी खुणेवर येते. गावातली मुले-मुली हे अर्ध्या दिवसात शिकतात. रेषेवर चुन्याची खूण आणि त्यावर खोदाई.

समजा, चर 10 मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल आहे. खोदाई झाली 1.8 घनमीटर. मजुरी हजेरीवर मिळत नाही, मोजमापावर मिळते. आकडा मोजमाप पुस्तिकेत चढतो आणि दराने गुणला जातो. समजा, मजुरांच्या एका गटाच्या आठवड्याच्या कामाची किंमत 6,000 रुपये आली. त्यातला सुमारे सहावा हिस्सा गावाचा वाटा म्हणून धरला जातो. अकुशल मजुरीच्या 16 टक्क्यांच्या आसपासचे हे श्रमदान म्हणजे सहा दिवसांच्या कामातला एक दिवस गावासाठी. भूमिहीन आणि एकट्या बायकांच्या घरांना यात सवलत असे.

या वाट्यातला एक भाग देखभाल निधीत जमा होतो. प्रकल्प संपल्यावर बांध दुरुस्त करायला आणि गाळ काढायला हा निधी गावाच्या हाती राहतो. अनुदान देणारा कायम राहणार नाही, हे पहिल्या आठवड्याच्या हिशेबातच मान्य केलेले असते.

पुढचा हप्ता मागताना समिती झालेल्या कामाची मोजमापे आणि खर्चाचे विवरण देते. तपासणी होते, त्रुटी निघतात, त्या दूर होतात, मग पैसा येतो. पैसा वेळेवर आला नाही तर मजूर दुसरीकडे कामाला जातात आणि पुन्हा लवकर येत नाहीत. म्हणून कागद चोख ठेवणे ही कारकुनी बाब राहत नाही. गावाची रोजी त्यावर अवलंबून असते.

फळ आणि किंमत

संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या कार्यक्रमातले सर्वांत अभ्यासले गेलेले गाव. 1996 ते 2001 या काळात तिथे काम झाले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या 2005 च्या अहवालात त्याची सविस्तर नोंद आहे. पूर्वी वर्षाला तीन-चार महिने मिळणारे शेतीकाम नऊ-दहा महिन्यांवर गेले.

त्याची किंमतही मोजावी लागली. पाणी विहिरीत वाढते, आणि विहीर जमीनवाल्याची असते. चराईबंदीचा पहिला घाव शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घरांना बसतो. त्यांना प्रकल्पाच्या काळात मजुरी मिळते, पण पुढे काय? बंदी टप्प्याटप्प्याने लावणे, कापलेल्या चाऱ्यात हिस्सा देणे, महिला बचत गटांना भांडवल देणे हे उपाय केले जातात. तरी हा हिशेब पुरता जुळत नाही. टिकाऊ बदलाचा कोणताही प्रस्ताव वाचताना ‘यात कोणाचे नुकसान होणार?’ असा एक रकाना आपण मनाने जोडून घ्यावा.

या पद्धतीचा पुढचा प्रवास मोठा आहे. 1999-2000 मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी 100 कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला आणि हीच पद्धत इतर राज्यांत नेली.

आज अर्ज करायचा तर

आज पैशाचे मार्ग वाढले आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू होणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. पर्यावरण रक्षण त्यात मोडते. हा पैसा घेणाऱ्या संस्थेला करसवलतीसाठीची 12ए आणि 80जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 क्रमांक लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए या कायद्याखाली नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. या शेवटच्या अटीमुळे मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन खेड्यातल्या छोट्या संस्थेला द्यायचा, ही जुनी वाट बंद झाली.

संशोधनाचे अनुदान याहून थोडे वेगळे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि आधीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झाले. इथे अर्ज संशोधक करतो, पैसा त्याच्या संस्थेकडे जातो आणि प्रस्तावाची छाननी त्याच विषयातले तज्ज्ञ करतात. उपकरणे, मनुष्यबळ, प्रवास, किरकोळ खर्च अशी शीर्षके ठरलेली असतात आणि एका शीर्षकाचा पैसा दुसऱ्यात मनाला येईल तसा फिरवता येत नाही. वर्ष संपले की खर्चाचे विवरण आणि नमुना 12-ए मधले उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. ते अडकले की पुढच्या वर्षाचा हप्ताही अडकतो आणि प्रयोगशाळेतल्या मुलांची शिष्यवृत्ती लांबते.

मार्ग कोणताही असो, पैसा देणारा शेवटी तीनच गोष्टी पाहतो: काम कोणाच्या गरजेतून आले, त्यात त्यांचा स्वतःचा वाटा किती, आणि आपण हात काढून घेतल्यावर ते कोण चालवणार. सुबक इंग्रजीतला प्रस्ताव पैसे देऊन लिहून घेता येतो. ही तीन उत्तरे विकत मिळत नाहीत. म्हणून तुमचे गाव, गट किंवा महाविद्यालय अनुदानाच्या विचारात असेल, तर प्रस्तावाचे शेवटचे पान आधी लिहा. पैसा संपल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात गाळ कोण काढणार, कोणत्या निधीतून, आणि तसे ग्रामसभेच्या कोणत्या ठरावात म्हटले आहे? हे पान लिहिता येत नसेल, तर अर्ज पुढच्या वर्षी करा.