विषाणुवाहकाद्वारे इंटरफेरॉन : जपानी मेंदूज्वराच्या निमित्ताने

गोंदिया-भंडारा हा धानाचा आणि तलावांचा पट्टा. पाणी साचलेल्या बांध्यांत क्युलेक्स डास वाढतात, पाणपक्षी व डुकरे यांच्यातील विषाणू त्यांच्यामार्फत माणसात येतो आणि पावसाळ्यात जपानी मेंदूज्वराची धास्ती सुरू होते. या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. अशा वेळी इंटरफेरॉनविषयी विचारणा झाल्यास वैद्याने वा औषध विक्रेत्याने काय सांगावे, यासाठी हा प्रपंच.

१९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांनी लंडन येथे इंटरफेरॉनचा शोध लावला. विषाणूने ग्रासलेली पेशी हे प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी त्यामुळे सावध होऊन विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारीत नाही, हे ध्यानी घ्यावे. म्हणूनच येथे काल महत्त्वाचा. व्हिएतनाममध्ये जपानी मेंदूज्वराचा संशय असलेल्या ११२ बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरफेरॉनच्या सुयांनी मृत्यू वा गंभीर अपंगत्व घटले नाही. बालक रुग्णालयात येईपर्यंत विषाणूने मेंदू गाठलेला असतो.

शिवाय साधे इंटरफेरॉन टोचल्यावर काही तासांतच शरीरातून नाहीसे होते. यावर शोधलेली युक्ती अशी : अ‍ॅडिनोविषाणूची वाढण्याची शक्ती काढून घ्यावयाची, त्यात इंटरफेरॉनचे जनुक बसवावयाचे आणि शरीराच्या पेशींकडूनच काही दिवस ते प्रथिन घडवून घ्यावयाचे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोविशिल्ड लसीत असाच वाहक होता. केवळ जनुक करोना विषाणूचे होते. आपणांस मधाचे योगवाहित्व आठवेल. परंतु मधाविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये उभी करीत नाही, या वाहकाविरुद्ध करते. उपमा तेथेच थांबते.

या युक्तीचा ठळक पुरावा मिळाला तो पशूंत. आपल्याकडील पशुपालकांच्या परिचयाच्या लाळ्या-खुरकुतावर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. वाहक टोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी रोगाचा विषाणू दिला असता डुकरे सुरक्षित राहिली. गाई-गुरांत मात्र लक्षणे केवळ उशिरा व सौम्य आली. दोन्हींत वाहक संसर्गापूर्वी दिलेला होता. मनुष्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत अशा एका औषधास मान्यता मिळाली, पण ते मूत्राशयाच्या विशिष्ट कर्करोगासाठी, मूत्राशयातच सोडावयाचे आहे. विषाणुजन्य ज्वरासाठी नव्हे.

सर्वांत मोठी अडचण मात्रेची. सुई थांबविता येते. पेशींत शिरलेले जनुक परत घेता येत नाही. इंटरफेरॉनने ज्वर, अंगमर्द, श्वेतकणांची घट, क्वचित तीव्र औदासीन्यही येते.

तेव्हा ज्वरासह झटके वा बेशुद्धी असलेले बालक चिकित्सालयात आल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता तत्काळ जिल्हा रुग्णालयात पाठवावे. लस उपलब्ध आहे; ती मुलाला मिळाली की नाही, हे पालकांना आवर्जून विचारावे. आणि ‘इंटरफेरॉन वाढविणारे’ असे सांगून एखादे चूर्ण वा काढा विक्रीस आल्यास, त्या दाव्याचा मनुष्यांवरील चाचणीचा पुरावा मागितल्याशिवाय औषधालय चालकाने तो माल फळीवर ठेवू नये.