जुन्या संगणकासाठी मदरबोर्डची निवड

दिल्लीच्या सीलमपूर परिसरात टाकाऊ संगणक मोडले जातात. धातूंच्या लोभाने तापविलेला किंवा ॲसिडात बुडविलेला मदरबोर्ड पुन्हा कामी येत नाही. जुना संगणक उभारू इच्छिणाऱ्याने म्हणूनच वेळीच योग्य बोर्ड ओळखून तो वाचविला पाहिजे.

प्रोसेसर, मेमरी व कार्डे कोणती चालतील, हे बोर्डच ठरवितो. १९८४ साली आयबीएमच्या ‘एटी’ संगणकाबरोबर आलेल्या सोळा-बिट स्लॉटसाठी बनविलेले कार्ड वापरावयाचे असेल, तर तसा स्लॉट असलेलाच बोर्ड हवा. नुसता वेग येथे उपयोगाचा नाही.

यानंतर बॅटरी पाहावी. १९८९ मध्ये आलेल्या ८०४८६ प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर, संगणक बंद असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून, निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसविलेली असे. कालांतराने ती झिरपते आणि तिच्यातील अल्कधर्मी द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. बॅटरीभोवती हिरवट डाग दिसल्यास रेषा तुटल्या आहेत काय, हे मीटरने तपासावे. बोर्ड निर्दोष असला, तरी अशी बॅटरी प्रथम काढून टाकावी. वेगवान परंतु गंजलेल्या बोर्डापेक्षा मंद परंतु निरोगी बोर्ड केव्हाही श्रेयस्कर होय.