व्हिएन्नातील चाबूकस्वार

पुण्यात शनिवारवाड्याचा पाया 1730 साली घातला गेला आणि 1732 साली त्याची वास्तुशांत झाली. जवळजवळ त्याच काळात, म्हणजे 1729 ते 1735 या वर्षांत, हाब्सबुर्ग घराण्याचा सम्राट सहावा चार्ल्स हा व्हिएन्नातील आपल्या राजवाड्यात केवळ घोडे शिकवण्यासाठी एक दालन उभारवून घेत होता. योझेफ इमॅन्युएल फिशर फॉन एर्लाख या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले, 55 मीटर लांब, 18 मीटर रुंद आणि 46 स्तंभांवर सज्जा पेलणारे ते शुभ्र दालन आजही त्याच कामी येते. आत येणारा स्वार समोरच्या भिंतीवरील सम्राटाच्या तसबिरीला टोपी काढून मुजरा करतो, आणि मगच घोडा पुढे घालतो.

या संस्थेला स्पॅनिश अश्वारोहण विद्यालय म्हणतात, ते तेथील घोड्यांचे कूळ मूळचे स्पेनचे म्हणून. विद्यालयाचा दफ्तरी उल्लेख 1572 सालापासून सापडतो; आज स्लोव्हेनियात असलेल्या लिपित्सा या गावी 1580 साली घोड्यांची पैदास सुरू झाली, त्यावरून या घोड्यांना लिपित्सानेर हे नाव पडले. 1920 पासून विद्यालयासाठी त्यांची पैदास ऑस्ट्रियातील पिबर येथे होते. शिंगरू जन्मतः काळे किंवा तपकिरी असते आणि सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान हळूहळू पांढरे होते. त्यामुळे सुमारे चौथ्या वर्षी विद्यालयात दाखल होणारा नवखा घोडा बहुधा करडा असतो, आणि तो शुभ्र होईपर्यंत त्याचे शिक्षणही बरेचसे पुरे झालेले असते.

आपल्याकडे पागेतील कोवळ्या घोड्याला स्वारीलायक करणाऱ्या इसमाला चाबूकस्वार म्हणत. हा शब्द मला व्हिएन्नातील शिक्षकांसाठीही योग्य वाटतो, कारण त्यांच्याही हाती बर्च झाडाची एक साधी छडी असते; परंतु तिचा उपयोग भय दाखवण्यासाठी नसून विसरलेल्या इशाऱ्याची आठवण देण्यासाठी असतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफोन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याजवळ रागाच्या भरात कधीही जाऊ नये असे बजावले आहे. आणि 1733 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रेंच अश्वाचार्य गेरिन्येर याने जी पद्धती सांगितली, ती या विद्यालयाचा आजचाही आधार आहे.

आरंभी घोड्यावर कोणी बसत नाही. नाकावरून जाणाऱ्या चामडी पट्ट्याच्या कडीत एक लांब दोरी अडकवून शिक्षक मधोमध उभा राहतो आणि घोडा त्याच्या भोवती रिंगण धरतो. दोरी नाकपट्ट्याला असते, लगामाला नसते, यामागे कारण आहे: चार-साडेचार वर्षांच्या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात, तोंड हुळहुळे असते, आणि या वयात लगामाने दुखावलेला घोडा लगामाचा धसका पुढेही विसरत नाही. रिंगणात तो चालणे, दुडकी, दौड आणि थांबणे यांचे शब्द शिकतो; वास्तविक शब्दापेक्षा त्याचा स्वर शिकतो, कारण वेग वाढवायचा तो शब्द चढत्या आवाजात आणि उतरवायचा तो लांबवलेल्या, खालच्या आवाजात उच्चारला जातो. मग पाठीवर तंग येतो, त्यानंतर खोगीर, आणि हे ओझे सोसण्याची सवय झाली म्हणजे स्वार.

या घटकेला जे घडते ते संपूर्ण विद्येचे मर्म आहे, आणि ते सावकाश समजून घेण्याजोगे आहे. स्वार पाठीवर बसला तरी घोड्याला त्याच्या पायांचा अर्थ ठाऊक नसतो. पोटाला पोटरी लागली तर ती कशासाठी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून स्वार आपली पोटरी हलकेच आवळतो, आणि लगोलग मध्ये उभा असलेला शिक्षक दुडकीचा ओळखीचा शब्द उच्चारतो. हा क्रम उलटा झाला तर चालत नाही, कारण ओळखीचा शब्द आधी ऐकलेला घोडा शब्दावरच निघतो आणि पायाकडे लक्ष देत नाही. नवा इशारा आधी व जुना मागून आला, तरच नवा हा जुन्याची वर्दी देणारा ठरतो. असे पुष्कळदा झाल्यावर एके दिवशी शब्द उच्चारण्यापूर्वीच घोडा निघतो. शिक्षक त्यानंतर गप्प राहू लागतो.

दुसरे रहस्य सोडण्यात आहे. पोटरीच्या दाबाने घोडा पुढे निघाला त्याच क्षणी दाब थांबला पाहिजे, लगामाला त्याने जबडा सैल केला त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. कारण घोड्याला बक्षीस म्हणून जे कळते ते हे मोकळे होणे होय, आणि क्षणभर उशीर झाला तर ते बक्षीस भलत्याच हालचालीला मिळते. अंगावर बसलेली माशी ज्याला जाणवते आणि जो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो, त्या प्राण्याला टाचांच्या प्रहारांची गरज नसते. तरीही पुष्कळ स्वार पावलागणिक टाच मारीत राहतात, आणि घोडा दिवसेंदिवस मंद होत गेला की त्याच्या स्वभावाला दोष देतात; त्यांनीच त्याला टाच निरर्थक आहे हे शिकवलेले असते. विद्यालयाची रीत निराळी आहे. हलक्या इशाऱ्याला उत्तर आले नाही, तर लगेच पोटरीमागे छडीचा एकच स्पर्श, आणि पुढचा इशारा पुन्हा पहिल्याइतकाच हलका.

पहिले वर्ष बव्हंशी सरळ रेषेत, मोकळ्या चालीने जाण्यातच जाते. माणसाचे ओझे पाठीवर घेऊन घोड्याला आपला तोल नव्याने सापडावा लागतो, आणि तो सापडण्याआधी त्याच्याकडून वळणे व आवळलेल्या चाली मागणे म्हणजे त्याला लटपटायला शिकवणे. वळणे, तिरप्या चाली आणि मागच्या पायांवर भार घेणे हे त्यानंतरचे. जागच्या जागी पडणारी तालबद्ध दुडकी आणि मागच्या पायांवर उभे राहून केलेल्या झेपा हे त्याहून पुढचे, आणि त्या झेपा निवडक घोड्यांनाच साधतात. एकंदर शिक्षण सुमारे सहा वर्षांचे. लिपित्सानेर उशिरा वयात येतो, पण पुष्कळदा विशीतही दालनात काम करतो, हे या धीराचेच फळ आहे अशी माझी समजूत आहे.

1945च्या मे महिन्यात, दुसरे महायुद्ध संपत असताना, विद्यालयाचे प्रमुख आलोइस पोधाय्स्की यांनी अमेरिकन सेनानी जनरल पॅटन यांच्यासमोर घोड्यांचे प्रदर्शन करून संरक्षण मागितले आणि ते मिळाले. युद्धामुळे बाहेर हलवावे लागलेले विद्यालय व्हिएन्नात परतले ते 1955 साली. 2015 साली युनेस्कोने या विद्येची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. 2008 पासून येथे मुलींनाही प्रवेश आहे.

नव्या उमेदवाराला मात्र नवखा घोडा देत नाहीत. त्याला बसवतात ते एखाद्या शुभ्र, मुरलेल्या घोड्यावर, दोरीला बांधलेल्या रिंगणात, रिकिबी आणि लगाम दोन्ही काढून घेऊन. महिनोन्महिने केवळ बैठक. मांड योग्य जागी असेल तर तो म्हातारा घोडा सहज निघतो, शरीराचा भार चुकीच्या बाजूला गेला तर त्याच बाजूला सरकतो, आणि उमेदवाराला आपली चूक कोणी न बोलता पाठीखालून कळते. काही वर्षे अशी गेल्यावर, त्याचा पाय नकळतही काही खोटे बोलत नाही अशी वरिष्ठांची खात्री पटली म्हणजे, पिबरहून आलेला एक करडा घोडा त्याच्या स्वाधीन करतात. हा घोडा दालनातील प्रयोगात उतरण्याइतका तयार झाला, तरच त्याला पूर्ण स्वाराचा हुद्दा मिळतो. तोपर्यंत घोड्याचा रंग पांढरा होत आलेला असतो.