गीतामागची गोष्ट आणि चालीचा पत्ता

डिसेंबर लागला की बंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानांतून 'सायलेंट नाइट' ऐकू यायला लागतं. या गीतामागची गोष्टही पुष्कळांना पाठ असते. ऑस्ट्रियातल्या एका गावी चर्चचा ऑर्गन उंदरांनी कुरतडला, नाताळ तर उद्यावर आलेला, मग पाद्रीबुवांनी घाईघाईनं गीत रचलं आणि गिटारवर गायलं. गोष्ट गोड आहे, पण त्यातले उंदीर मागाहून शिरलेले आहेत. योसेफ मोर यांनी ही कविता १८१६ सालीच लिहिली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी ओबर्नडॉर्फ इथं फ्रान्झ ग्रुबर यांनी तिला चाल लावली आणि त्याच रात्री ती गिटारच्या साथीनं म्हटली गेली.

लाडक्या गीतांच्या कथा अशाच फुगतात. गुलामांच्या व्यापारातला जॉन न्यूटन वादळात सापडला, त्याला पश्चात्ताप झाला आणि त्यानं 'अमेझिंग ग्रेस' लिहिलं, असं सांगितलं जातं. वादळ खरंच झालं, पण ते १७४८ साली. त्यानंतर हा गृहस्थ १७५४पर्यंत गुलामांच्या जहाजांवरच होता, आणि तोही पुढे कप्तान म्हणून. गीत त्यानं ऑल्नी गावात पाद्री झाल्यावर लिहिलं, १७७३च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठी. गुलामगिरीविरुद्धचं त्याचं पत्रक तर १७८८चं. एका रात्रीत बदललेल्या माणसापेक्षा चाळीस वर्षं रखडत बदललेला माणूस मला जास्त खरा वाटतो. आणि आज आपण ज्या चालीत हे गीत गुणगुणतो ती चाल त्याला १८३५ साली अमेरिकेत मिळाली. न्यूटननं ती कधी ऐकलीच नाही.

इंदिरानगरहून मेट्रोनं हलसूर ओलांडलं की ट्रिनिटी स्टेशन लागतं. त्याला नाव देणारं ट्रिनिटी चर्च छावणीतल्या ब्रिटिश पलटणींसाठी बांधलेलं. जवळच, हलसूर तलावाच्या काठी, मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. चर्च आणि लष्कर या दोघांच्या सान्निध्यात आठवावं असं एक गीत म्हणजे 'अबाइड विथ मी'. १८४७ साली हेन्री लाइट मरणपंथाला लागलेले असताना त्यांनी ते लिहिलं, असं बहुतेक मानतात. बरंच आधी, एका मरणोन्मुख मित्राजवळून परतल्यावर लिहिलं, असंही कोणी म्हणतं. त्याची प्रसिद्ध चाल विल्यम मंक यांची, १८६१ची. गांधीजींचं हे आवडतं गीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी सोहळ्यात वर्षानुवर्षं वाजायचं. २०२२ साली ते वगळलं गेलं. ज्यांनी ते बँडवर ऐकलं त्यांच्यातल्या बहुतेकांना शब्द ठाऊक नसतील. त्यांच्या मनात राहिली ती चालच.

म्हणून माझं म्हणणं असं की गीत कुठून आलं हे विचारताना आधी चालीचा पत्ता काढावा. मराठी ख्रिस्ती गीतांच्या बाबतीत तर सगळी हकिगत चालीचीच आहे.

सुरुवात फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूरला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, तेव्हा ख्रिस्ताचंही पुराणच सांगावं, हे त्यानं ओळखलं. त्या ओव्या दक्षिणेकडे मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत पोचल्या. टिपूनं १७८४ साली या लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेलं, तिथं त्यांना या ओव्यांचा आधार होता, असं परंपरा सांगते. श्रीरंगपट्टण इंदिरानगरहून गाडीनं अर्ध्या दिवसात जाऊन यावं एवढंच लांब; मराठी ओवीचा हा मुक्काम आपल्या मात्र गावीही नसतो. पहिल्या छापील प्रतींपैकी आज एकही उरलेली नाही. १९०७ साली मंगळूरला सालदान्हा यांनी हस्तलिखितांवरून पुराण पुन्हा छापलं, म्हणून ते हाती आलं.

कानडीतही असं झालं. शब्दकोशकार म्हणून ज्यांचा पुतळा बंगळुरात उभा आहे त्या फर्डिनांड किट्टेल या जर्मन मिशनऱ्यानं १८६२ साली 'कथामाले' लिहून ख्रिस्तचरित्र कानडी छंदांत बसवलं.

महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात परदेशी चालींचा भरणा झाला. इंग्रजी चालीत ठोका ठरल्या जागी पडतो. मराठी शब्दाचं ऱ्हस्व अक्षर नेमकं तिथं आलं की ते ओढावं लागतं आणि दीर्घ अक्षर गिळावं लागतं. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, तरी ऐकणाऱ्याला ते परकंच वाटायचं. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन आणि देशी पदं आणून यावर उतारा शोधला. तो पुरा केला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी.

टिळक मूळचे करजगावचे, जन्म १८६१. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनानं त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी ख्रिस्ती गीतांसाठी अभंग निवडला, त्याला कोणी मिशनऱ्यांची युक्ती म्हटलं, तर ते मला पटत नाही. तो त्यांचा येण्याचा रस्ताच होता. आणि सोयही केवढी! सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा घाट, मधल्या दोन चरणांना यमक, हाताशी टाळ. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो दोनदा ऐकून म्हणता यावा. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.

या गीतांमागे जहाज बुडत नाही की वादळ होत नाही. पण टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर नवरा-बायकोची जवळजवळ पाच वर्षं ताटातूट झाली, आणि ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात न रडता, मिस्कीलपणे सांगितली आहे. बेतलेल्या कथा सांगायची आपल्याला गरजच नाही. खरी हकिगत घरातल्याच माणसानं लिहून ठेवलेली आहे. पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, कीर्तनं केली, आणि टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर ओवीतच पुढे नेलं.

शब्द छापलेले आहेत, त्यांची काळजी नाही. चाली मात्र गावोगावच्या मंडळ्यांतल्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात आहेत, आणि एकाच अभंगाची चाल गावागणिक बदलते. तुमच्या घरी, शेजारी किंवा परगावच्या चर्चमध्ये असं गाणारं कोणी असेल, तर या नाताळात त्यांच्यासमोर फोन धरा, दोन गीतं म्हणून घ्या, आणि ती चाल त्यांनी कोणाकडून, कुठल्या गावी उचलली तेही विचारून नोंदवून ठेवा.